स्कॉटलंडांतील जुनीं विनोदी लोकगीतें व आजची अभिरुचि

कोणत्याहि समाजास कशाचें दुःख होतें हें त्याच्या इतिहासावरून कळूं शकतें. परंतु त्यास कशाचें हंसूं येतें हें समजण्यास त्याचीं गाणींच ऐकावीं लागतात. स्कॉटलंडचीं जुनीं विनोदी लोकगीतें या दृष्टीनें फार बोलकीं आहेत. शेतकरी, विणकर, मोलकरणी व फिरस्ते यांच्या तोंडीं तीं पिढ्यान्‌पिढ्या नांदलीं. तथापि आज त्यांतील कांहीं गाणीं ऐकतांना हंसूं ओठांवरच थबकतें, आणि ‘यांत हंसण्यासारखें तें काय?’ असा प्रश्न मनांत उभा राहतो. या प्रश्नाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम फाईफ परगण्यांतील एका ठेंगू कारागिराचें गाणें घेऊं. याचा धंदा लांकडी पिंपें करण्याचा. बायको मात्र मोठ्या घराण्यांतील. रंग बिघडेल म्हणून ती भाकरी भाजीत नाहीं, अंगठी खराब होईल म्हणून कपडे धूत नाहीं, आणि माहेरास कमीपणा येईल म्हणून सूत कांतीत नाहीं. तिला मारावें तर तिचे नातलग अंगावर येतील! तेव्हां हा गृहस्थ मेंढीचें कातडें तिच्या पाठीवर घालून त्यावर छडी चालवितो व म्हणतो, मी माझ्या मालकीचें कातडें झोडपीत आहें. बायको ताळ्यावर येते, आणि ज्यांच्या घरीं अशी स्त्री असेल त्यांनीं या कारागिरास बोलवावें, असें सुचवून गाणें संपतें. चाल नाचरी, ध्रुवपद निरर्थक पण गमतीचें. त्यामुळें मुलेंहि सहज ताल धरतात. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांचा कथागीतांचा जो ३०५ गीतांचा संग्रह १८८२ पासून १८९८ पर्यंत प्रसिद्ध झाला, त्यांत या कथेचा अनुक्रम २७७ वा आहे.

हें गाणें ज्या काळीं रूढ होतें, त्या काळचा कायदा ध्यानांत घेतला पाहिजे. लग्न होतांच स्त्रीच्या जंगम मालमत्तेवर पतीचा हक्क लागू होई. स्कॉटलंडांत हा हक्क नव्या विवाहांपुरता १८८१ च्या कायद्यानें रद्द झाला. आज तेथील विचार पुष्कळ पुढें गेला आहे. १८ सालच्या, म्हणजे २०१८ च्या कायद्यानें केवळ मारहाणच नव्हे, तर जोडीदारास धाकांत ठेवून त्याचा मानसिक छळ करणें हाहि गुन्हा ठरला, आणि तो कायदा १ एप्रिल २०१९ पासून अमलांत आला. ज्या भूमींत हा प्रकार थट्टेचा विषय होता, तेथेंच तो शिक्षेस पात्र झाला. मग आजचा गायक हें गाणें गातांना अडखळला, तर त्यांत नवल कसलें?

या बाबतींत दोन टोकाचीं मतें ऐकूं येतात. कित्येक म्हणतात, असलीं गाणीं पुसून टाकावीं. दुसरे म्हणतात, तो काळच तसा होता, त्यास आजचें माप लावूं नये. हें दुसरें मत वरवर समंजस दिसतें; परंतु ‘तो काळच तसा होता’ हें विधान त्या गाण्यांनाच मान्य नाहीं, असें आमच्या अवलोकनांत आलें आहे.

१५६८ सालच्या बॅनटाइन हस्तलिखितांत ऑख्टरमक्टी गांवच्या एका गृहिणीचें विनोदी काव्य आहे. नांगरून दमलेला नवरा म्हणतो, घरकाम तें काय मोठें! दोघें कामांची अदलाबदल करतात. झालें! घार हंसाचीं पिलें पळविते, वासरें गाईंचें दूध पिऊन जातात, घुसळून घाम निघतो पण लोणी निघत नाहीं. शेवटीं तो निमूटपणें नांगराकडे वळतो.

दुसरें गाणें दार लावण्याचें. हें डेव्हिड हर्ड यानें १८ व्या शतकांत छापलें. सणाचे पदार्थ शिजत असतां वारा आंत येतो. दार कोणी लावावें यावरून नवराबायकोंत वाद होतो, व जो आधीं बोलेल त्यानें लावावें असें ठरतें. मध्यरात्रीं दोन परके पुरुष आंत शिरून सर्व पदार्थ फस्त करतात, तरी दोघेंहि मुकीं! पुढें नवऱ्याची दाढी काढण्याची व बायकोचें चुंबन घेण्याची भाषा निघते, तेव्हां मात्र नवरा ओरडतो. आणि बायको आनंदानें उड्या मारून सांगते, तूं हरलास, दार लाव! परक्यांची आगळीक आज खटकते. परंतु हंसें होतें तें दोघांच्या हट्टाचें, आणि सरशी होते ती स्त्रीची. मौनाच्या पैजेची ही कथा पुरातन आहे. संघसेन नामक भारतीय भिक्षूच्या ज्या बोधकथा इ. स. ४९२ मध्यें चिनी भाषेंत उतरल्या, त्यांतहि ती येते. तेथें वाद एका वड्यासारख्या खाद्याबद्दल आहे, व मूर्ख ठरतो तो पति.

तात्पर्य, एकाच काळांत, एकाच चुलीपाशीं, दोन प्रकारचें हंसणें नांदत होतें. म्हणून काळाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाहीं. गाण्यागणिक विवेक करावा लागतो. त्यासाठीं आम्ही तीन प्रश्न सुचवितों. हंसें कोणाचें होतें, बलवानाचें कीं दुर्बळाचें? ज्याचें हंसें होतें त्यास गाण्यांत उलट बोलण्याची मुभा आहे काय? आणि ज्याच्या घरीं ती गोष्ट खरोखर घडली आहे असा कोणी समोर बसला असतां आपण तें गाऊं काय? पहिलीं दोन गाणीं या कसोटीस उतरतात. कारागिराचें उतरत नाहीं. कारण त्याची बायको मार खाऊन कामें कबूल करते, त्यापलीकडे तिला शब्दच नाहीं.

मग तें जाळावें काय? मुळींच नाहीं. १७२३ पासून ॲलन रॅम्झे यानें जुनीं गाणीं चहाच्या मेजास शोभतील अशीं सुधारून छापलीं. त्यामुळें कित्येकांचें मूळ रूप झांकलें गेलें. याउलट ॲबर्डीनशायरांतील शिक्षक गॅव्हिन ग्रेग व धर्मोपदेशक जेम्स डंकन यांनीं २० व्या शतकाच्या आरंभीं ३,००० हून अधिक गाणीं टिपून घेतलीं. तीं १९८१ ते २००२ या काळांत आठ खंडांत प्रसिद्ध झालीं. पुरावा जपणें एक व उत्सवांत गाणें दुसरें. ग्रंथांत गाणें जसें आहे तसेंच राहूं द्यावें, म्हणजे कोणे काळीं कोणाच्या वेदनेवर टाळ्या पडत होत्या हें पुढील पिढीस कळेल. परंतु संमेलनासाठीं निवड करतांना वरील प्रश्न विचारावेत.

विद्यार्थिमित्रहो, हीच कसोटी आपल्या वर्गांतील व घरांतील थट्टेलाहि लावून पाहा. वर्गांत सर्वजण हंसत असतां एखादाच मुलगा खालीं मान घालून बसला असेल, तर त्याच्याकडे आधीं पाहावें.