चार मार्च की तीन एप्रिल?

"०४/०३/२०२४" ही तारीख पुण्यातल्या कुठल्याही बँकेच्या काउंटरवर दाखवली तर चार मार्च. तीच पीएचपी भाषेतल्या 'स्ट्र-टू-टाइम' या फंक्शनला दिली तर तीन एप्रिल. आता तिरक्या रेघा काढून आडव्या घाला, "०४-०३-२०२४", की तेच फंक्शन चार मार्च म्हणते. हा बिघाड नव्हे. तिरकी रेघ असेल तर अमेरिकी पद्धत, म्हणजे आधी महिना. आडवी रेघ किंवा टिंब असेल तर युरोपीय पद्धत, म्हणजे आधी दिवस, असा नियम पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला आहे. तो न वाचता कोड लिहिला तर हिशेब तीस दिवसांनी चुकतो.

मजकुरातल्या तारखेचा टाइमस्टॅम्प करणे हे एका ओळीचे काम आहे, असे बहुतेकांना वाटते. ओळ एकच असते हे खरे. पण टाइमस्टॅम्प म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा. तो एकच एक क्षण दाखवतो. मजकुरातली तारीख मात्र अनेकदा अर्धवट असते. आधी दिवस की महिना, वेळ कुठल्या गावची, हे तिच्यात लिहिलेलेच नसते. प्रोग्रामरने ही माहिती पुरवली नाही तर संगणक ती स्वतःच्या मनाने भरतो, आणि भरताना विचारत नाही.

म्हणूनच 'तारीख चुकली तर एरर येईलच' हा समज सर्वांत घातक. वर सांगितलेली चार मार्चची गफलत एररशिवाय पार पडते, कारण तीन एप्रिल हीसुद्धा अगदी खरी तारीख आहे. पीएचपीला "२०२३-०२-३१" द्या. फेब्रुवारीत एकतीस तारीख नसते अशी तक्रार न करता ते ३ मार्चचा टाइमस्टॅम्प हाती देते. एक्सेलमध्ये हाच प्रकार डोळ्यांना दिसतो. अमेरिकी सेटिंग असलेल्या संगणकावर भारतीय पद्धतीच्या तारखांची फाइल उघडली की बारा तारखेपर्यंतच्या नोंदींत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते आणि त्या रकान्याच्या उजव्या कडेला लागतात. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदींचा अर्थ लागत नाही, म्हणून त्या नुसता मजकूर बनून डावीकडे राहतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांवर आधी संशय घ्यावा. एक्सेलच्या या परस्पर अंदाज बांधण्याच्या सवयीपुढे जीवशास्त्रज्ञांनीही हात टेकले: 'मार्च१' या जनुकाचे नाव एक्सेल १ मार्च करून टाकत असे, म्हणून मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ते बदलून 'मार्चएफ१' केले. २०२०मध्ये या बदलांची जगभर बातमी झाली.

मग आधी वर्ष, नंतर महिना, शेवटी दिवस अशी आयएसओ ८६०१ या मानकाची मांडणी वापरली की सुटलो? अर्धेच. क्रमाचा घोळ मिटतो, जागेचा मिटत नाही. जावास्क्रिप्टला नुसते "२०२४-०३-०४" दिले तर ती यूटीसीची मध्यरात्र धरते. त्याच तारखेपुढे वेळ जोडली, "२०२४-०३-०४टी००:००", तर मात्र ती वापरणाऱ्याच्या संगणकाची स्थानिक मध्यरात्र धरते. पहिल्या प्रकारात पुण्यातल्या ब्राउझरवर ४ मार्चचे पहाटेचे साडेपाच दिसतात, न्यूयॉर्कमध्ये ३ मार्चचे संध्याकाळचे सात. पुण्यात तारीख बरोबर दिसते म्हणून चाचणी पास होते आणि बग अमेरिकेतल्या ग्राहकाला सापडतो. पायथनची तऱ्हा आणखी वेगळी. टाइमझोन न सांगता तयार केलेली वेळ ते यंत्राची स्थानिक वेळ समजते. लॅपटॉपवर भारतीय वेळ आणि सर्व्हरवर यूटीसी असेल, तर एकाच कोडची दोन उत्तरे येतात, १९,८०० सेकंदांच्या फरकाने. या मोठ्या आकड्यांत पाच-सहा तासांचा फरक नजरेस पडत नाही, त्यामुळे तो महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो.

भारतात घड्याळे मागेपुढे करत नाहीत, तेव्हा साडेपाच तास मिळवले-वजा केले की झाले, हा आपल्याकडचा खास समज. आजच्या भारतातल्या वेळेपुरता तो बरोबर आहे. पण अमेरिकी कंपनीचे काम करणाऱ्याला ३ नोव्हेंबर २०२४ची न्यूयॉर्कमधली रात्रीची दीडची वेळ दोनदा भेटते, आणि १० मार्चची अडीचची भेटतच नाही. आपला इतिहासही सरळ नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाची घड्याळे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती.

'आयएसटी' लिहिले म्हणजे भारतच, असेही गृहीत धरू नये. आयर्लंड आणि इस्रायल हीच अक्षरे वापरतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या मूळ यादीत ती इस्रायलची आहेत. भारतासाठी वेगळी यादी निवडावी लागते. त्यापेक्षा मजकुरात थेट "+०५:३०" लिहावे.

आकड्याच्या लांबीचा गोंधळ त्यामानाने लवकर पकडला जातो. युनिक्स सेकंद मोजते, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. ४ मार्च २०२४ची यूटीसी मध्यरात्र सेकंदांत १७०९५१०४००. हाच दहा आकडी टाइमस्टॅम्प मिलिसेकंद म्हणून वाचला की २० जानेवारी १९७० उगवतो. पडद्यावर जानेवारी १९७० दिसला, की आधी हेच तपासावे.

राहिला शेवटचा आणि बराच खोल रुजलेला समज: प्रत्येक तारीख टाइमस्टॅम्प करूनच साठवावी. घडून गेलेल्या गोष्टींसाठी, जसे पैसे जमा झाले, लॉगिन झाले, हे योग्यच. पुढच्या भेटीसाठी मात्र स्थानिक वेळ आणि 'एशिया/कोलकाता' यासारखे टाइमझोनचे नाव दोन्ही ठेवावे, कारण सरकारे नियम बदलतात. सामोआने २०११मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळला. तिथली ३१ डिसेंबरची सकाळी दहाची भेट कुणी जुन्या नियमाने सेकंदांत साठवली असती, तर ती नंतर १ जानेवारीची दिसली असती.

जन्मतारीख तर क्षण नाहीच, तो कॅलेंडरवरचा दिवस आहे. १५ ऑगस्ट १९४३ ही तारीख 'एशिया/कोलकाता'ची मध्यरात्र धरून टाइमस्टॅम्प केली, तर लायब्ररी महायुद्धातले साडेसहा तास वजा करते. वाचताना दुसऱ्या कुणी सरसकट साडेपाच तास मिळवले की उत्तर येते १४ ऑगस्ट, रात्रीचे अकरा. पेन्शनच्या अर्जावर आजोबांचा जन्म एक दिवस आधीचा छापला जातो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि पायथन, तिन्हींत वेळेशिवाय नुसता दिवस साठवणारा 'डेट' हा प्रकार आहे. जन्मतारखेला तोच वापरावा.