आतड्यांची राखण

ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते शिरेतून असं बेतानं सोडलं की रक्तातली साखर आदल्या दिवसाइतकीच चढेल, तरी प्यायल्यावर पाझरणारं इन्शुलिन बरंच जास्त भरतं. १९६४च्या सुमारास हे ध्यानात आलं. साखर सारखी, मग इन्शुलिन जास्त का? कारण अन्न आत आल्याची वर्दी आतडी स्वादुपिंडाला देतात. ती नेणारं एक हार्मोन म्हणजे जीएलपी-१. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटांचं, म्हणून औषध करताना गिला मॉन्स्टर या अमेरिकी सरड्याच्या लाळेतला टिकाऊ जोडीदार, एक्सेन्डिन-४, कामी आला.

पण हे हार्मोन निव्वळ निरोप्या नाही. ते इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची राखणही करतं, असं मानायला जागा आहे. इन्शुलिनची मागणी सतत चढी राहिली की पेशीत अर्धकच्ची प्रथिनं तुंबतात आणि शेवटी पेशी स्वतःलाच संपवते. जीएलपी-१ पेशीवरच्या आपल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि तग धरायला लावणारी जनुकं जागी होतात. बीटा पेशी मारणारं स्ट्रेप्टोझोटोसिन उंदरांना टोचलं, तेव्हा एक्सेन्डिन-४ मिळालेल्यांच्या पेशी कमी मेल्या. ज्यांच्यात हा ग्राहकच नव्हता, त्यांना विष अधिक बाधलं. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. बाहेरून औषध दिलं नाही तरी शरीराचं स्वतःचं हार्मोन पेशींना सांभाळतं, हे त्यातून दिसतं.

यावर कोणी म्हणेल, जीएलपी-१सारखी ही औषधं वजन उतरवतात, त्यामुळे पेशींवरचा भार हलका होतो, एवढंच. भार हलका होतो हे खरंच. पण प्रयोगशाळेत बशीत ठेवलेल्या, बीटा पेशी असलेल्या मानवी पेशीपुंजांना उतरवायला वजन नसतं, आणि तिथेही जीएलपी-१मुळे पेशींचं मरण कमी झालं. मात्र बशीतली मात्रा रक्तातल्या नैसर्गिक मात्रेच्या कितीतरी पट असते, हे विसरून चालणार नाही. खरी अडचण माणसांवरच्या चाचण्यांत आहे. एक्सेनाटाइड, म्हणजे एक्सेन्डिन-४चं औषधी रूप, वर्षभर देऊन थांबवलं, तर महिनाभरात पेशींची कमावलेली ताकद ओसरली. तीन वर्षं दिल्यावर थांबवलं, तेव्हा थोडीशी उरली. म्हणजे राखण होते, पण राखणदार कामावर असेपर्यंत; मेलेल्या पेशी परत येतात असं म्हणायला आधार नाही.

आपल्याकडे हा वाद नुसता पुस्तकी नाही. अंगानं सडपातळ, पण आत चरबी बाळगणारा भारतीय देह पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडला. अशा अनेकांत लठ्ठपणा फारसा नसतानाच बीटा पेशी हात टेकतात. त्यांच्या बाबतीत वजनाचा काटा किती खाली गेला याला फारसा अर्थ नाही. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी इन्शुलिनसोबतच पाझरणारं सी-पेप्टाइड किती भरतं, ते पाहायला हवं.