रात्री कॉम्प्युटर कुणासाठी राबत होता?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. सासूबाई पाणी प्यायला उठल्या नि त्यांनी मला हाक मारली, "अगं, फ्रिजला काय झालंय बघ, केवढा घुरघुरतोय!" उठून पाहिलं तर फ्रिज बिचारा गप्प होता. आवाज येत होता तो हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा. पडदा काळा, खुर्ची रिकामी, घरातली सगळी माणसं अंथरुणात, आणि खोक्यातला पंखा मात्र मिक्सरसारखा फिरत होता. मागच्या जाळीला हात लावला तर तापल्या इस्त्रीजवळ लागावी तशी धग लागली.

मी माऊस हलवला. पडदा उजळला आणि थोड्याच वेळात पंखा निवला. पडद्यावर पाहावं तर काहीही नाही. वास्तविक आमचा कॉम्प्युटर अर्धा तास कुणी हात लावला नाही की आपोआप झोपतो. म्हणून तर आम्ही रात्री त्याचं बटण बंद करायची तसदी घेत नव्हतो.

माझा संशय अर्थातच चिरंजीवांवर गेला. दहावीचं वर्ष, आणि साहेब रात्री एखादा गेम उतरवायला लावून झोपत असणार! सकाळी पोहे पुढं ठेवता ठेवताच मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आई, मी काही केलेलं नाही." मी म्हटलं, "मग काय भुतानं केलं?" ह्यांनी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं. त्या संध्याकाळी मी की-बोर्ड आणि माऊस दोन्ही काढून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवले आणि कुलूप लावलं. रात्री दोन वाजता पुन्हा तोच घरघराट!

खरं म्हणजे मुलगा निर्दोष आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एकदा संशय मनात शिरला की पुरावाही त्याच्याच बाजूनं बोलायला लागतो. 'काहीतरी वेळ लावून ठेवला असेल' असं म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तोही जेवून मुकाट्यानं ताटावरून उठायचा.

दरम्यान दिवसासुद्धा यंत्र रडतखडत चालायला लागलं. प्रश्नपत्रिकेचं एक पान उघडायला चहा उकळेपर्यंतचा वेळ. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं पाच मिनिटं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि सांगितलं, "प्रोसेसर म्हातारा झालाय, मॅडम. नवीनच घ्या. पस्तीस-चाळीस हजारांत चांगला येईल." २०२० साली शाळा घरात आली तेव्हा घेतलेली ही वस्तू. पाच वर्षांत म्हातारी? आमचा मिक्सर चौदा वर्षांचा आहे! हे म्हणाले, "दिवाळीत बघू." म्हणजे दिवाळीला पडदे नाहीत आणि सोफ्याची खोळही नाही, हे मी ओळखलं.

अखेर आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना मी एका शनिवारी दुपारी घरी बोलावलं. त्यांनी जे दाखवलं ते तुम्हांला सांगण्यासारखं आहे, कारण ते करायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही आणि पैसाही लागत नाही. मी स्वतः एम.एस.-सी.आय.टी. केलेली आहे. सर्टिफिकेट फायलीत आहे. पण ही एवढी साधी गोष्ट मला कधी करावीशी वाटली नव्हती.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली करती बाई. हिशेब तिनंच करायचे, चित्र तिनंच दाखवायचं, गाणं तिनंच वाजवायचं. कामं थोडी असतील तर ती गार असते. चारी बाजूंनी हाका आल्या की तापते, मग तिला गार ठेवायला पंखा जोरात फिरतो. तेव्हा पंख्याचा आवाज हा रोग नव्हे, ते लक्षण. ह्या बाईला कोण किती राबवतं आहे त्याची वही कॉम्प्युटरमध्येच असते. तिचं नाव टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची, वही उघडते. त्यात 'सी.पी.यू.' असा एक रकाना असतो. त्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळ्यांत जास्त खाणारा वर येतो. काही काम चालू नसताना एकूण आकडा बहुधा दहा टक्क्यांच्या आत असतो. वही उघडताना क्षणभर तो चढतो, तो धरायचा नाही. मिनिटभर थांबून पाहायचं. 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असं नाव नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांनिशी कुठं दिसलं तर घाबरू नका बरं का! ती बाई रिकामी बसली आहे असा त्याचा अर्थ. पुष्कळजणी तिथंच दचकतात.

आकडा चढलेला दिसला म्हणजे दर वेळी चोरच असतो असं नाही. विंडोजची नवी सुधारणा उतरते त्या दिवशी यंत्र तासन्‌तास खपत असतं. पेनड्राइव्हवरून पाच-सातशे फोटो भरले की त्यांची यादी करायला 'सर्च इंडेक्सर' नावाचा कारकून बसतो. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे भारदस्त नाव पहारेकऱ्याचं. तो झडती घेत असला की प्रोसेसर कामाला लागणारच. ह्या सगळ्यांना आपापलं काम संपवू द्यावं, मध्येच बंद पाडू नये. क्रोमच्या तीस-तीस खिडक्या उघड्या ठेवायची सवय असेल तर मात्र दोष आपला. आणि धूळ! पनवेलची धूळ मी तुम्हांला काय सांगावी? महामार्गाचे ट्रक, जिकडेतिकडे बांधकामं, आणि पावसाळ्यात दमट हवेनं तीच धूळ जाळीला पिठासारखी चिकटून बसते. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की स्वतःच्या बचावासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मग यंत्र 'म्हातारं' वाटायला लागतं. प्लग काढून, मऊ ब्रशनं जाळी साफ करावी. ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं. ओलं फडकं अजिबात नको.

आमच्याकडं बाईंनी आधी हेच सगळं पाहिलं. जाळी झाडली, फरक नाही. मग वही उघडली. आकडा चार टक्के! पंखाही शांत. मला तर शरमल्यासारखं झालं, डॉक्टरसमोर ताप उतरावा तसं. बाईंनी चहा घेतला, वही मिटली आणि म्हणाल्या, "आता गप्पा मारू या, हात लावायचा नाही." तिसऱ्या मिनिटाला पंखा घुरघुरायला लागला. वही उघडली, शांत. मिटली, पुन्हा सुरू. असं तीनदा झाल्यावर त्या हसल्या. "आपण वर्गात शिरलो की मुलं कशी हाताची घडी घालून बसतात? तसं आहे हे. कुणीतरी आत आहे, आणि त्याला आपली चाहूल कळते."

मग त्यांनी इंटरनेटच्या डबीची वायर काढायला लावली. वही मिटलेलीच, खुर्ची रिकामी, तरी पंखा हळूहळू निवला. वायर जोडली, काही मिनिटांत पुन्हा घुरघुर. म्हणजे आत जो कुणी होता त्याचं काम बाहेरून येत होतं नि बाहेरच जात होतं.

तो होता 'मायनर', म्हणजे खाणकामगार. बिटकॉइनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते नाणं जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. अशी नाणी छापखान्यात छापली जात नाहीत. जगभरची यंत्रं अवाढव्य आकडेमोड करतात आणि ज्याचं उत्तर आधी जुळेल त्याला नाणं मिळतं. कुलपाला लाखो किल्ल्या लावून पाहण्यासारखं हे काम. बिटकॉइनसाठी आता खास यंत्रं लागतात, पण २०१४ साली निघालेलं मोनेरो नावाचं नाणं घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरही काढता येतं. वीज मात्र खूप जाते. मग चोरांनी युक्ती काढली: वीज लोकांची, यंत्र लोकांचं, घसाराही लोकांचा, नाणं आपलं. एका घरातून मिळणारी रक्कम क्षुल्लकच, म्हणून हजारो घरं धरायची.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये कॉइनहाइव्ह नावाची एक सोयच निघाली होती. संकेतस्थळाच्या पानात ती बसवली की पान उघडून वाचणाऱ्याचा प्रोसेसर परस्पर राबायला लागे. ती मार्च २०१९ मध्ये बंद झाली, पण तोवर तिनं पुष्कळ धुमाकूळ घातला. ११ फेब्रुवारी २०१८ ला एकाच वेळी चार हजारांवर संकेतस्थळांत हा प्रकार आढळला, त्यांत ब्रिटनमधली सरकारी पानंही होती. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या आंध्र प्रदेशातल्या तिरुपती महापालिकेसारख्या पानांतही तो सापडल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे पाहा, कुणी घरपट्टी बघायला बसावं आणि त्याच्या यंत्रानं भलत्याचीच नाणी पाडावीत! तो प्रकार निदान पान मिटलं की थांबे. आमच्याकडचा घरात मुक्कामाला आलेला होता. दिवसा हात आखडता घेई, रात्री माणसं झोपली की पुरा जोर लावी, आणि यंत्राला झोपू देत नसे.

विजेचा हिशेब मी नंतर मांडला. अशा यंत्रानं पूर्ण जोरात एकशेवीस वॉट घेतले असं धरलं, तर रात्रीच्या आठ तासांत जवळजवळ एक युनिट जातं. महिन्याची तीस युनिटं! मी गिझर दोन मिनिटं जास्त चालला तर आरडाओरड करणारी बाई.

आता तो आला कुठून? बाईंनी सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल्ड अॅप्स'ची यादी काढून तारखेप्रमाणे लावली. चिरंजीव मागे उभे होते. मी मनातून तयारच होते, आता निघेल ह्याचा गेम! यादीत एक अनोळखी नाव होतं, तारीख जूनमधली, वेळ... ती माझीच. चाचणीच्या प्रश्नपत्रिकेसाठी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करायचा होता, आणि 'मोफत कन्व्हर्टर' शोधून मीच कुठल्याशा पानावरून तो उतरवला होता. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, 'बसवताना थोडा वेळ अँटिव्हायरस बंद करा.' मी आज्ञाधारकपणे केलाही होता! त्या अवधीत कन्व्हर्टरच्या पाठोपाठ हा पाहुणा शिरला, आणि पहारेकऱ्याच्या वहीत 'ह्याची झडती घेऊ नये' अशी आपली नोंदही करून गेला. तिला 'एक्सक्लूजन्स' म्हणतात.

चिरंजीव काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

उपाय असा केला. आधी महत्त्वाचे कागद नि फोटो वेगळ्या डिस्कवर घेतले. प्रोग्रॅम मात्र एकही घेतला नाही. मग तो कन्व्हर्टर काढून टाकला आणि एक्सक्लूजन्समधली ती नोंद पुसली. नंतर विंडोज सिक्युरिटी, त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स' आणि तिथला 'ऑफलाइन स्कॅन' निवडला. ह्यात यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पुरतं जागं व्हायच्या आत झडती घेतली जाते, त्यामुळं चोराला हाताची घडी घालून बसायला वेळ मिळत नाही. पंधराएक मिनिटं लागली आणि सापडला. त्यानंतर पुन्हा एक पूर्ण झडती. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' यादीत अनोळखी काही उरलं नाही ना तेही पाहिलं. नाव ओळखीचं वाटत नाही म्हणून सगळंच पुसत सुटू नका, विंडोजची स्वतःची नावंही विचित्रच असतात. आधी विचारा, मग काढा. एवढं करूनही घुरघुर राहिली असती तर विंडोज नव्यानं बसवायला लागलं असतं, असं बाई म्हणाल्या.

पासवर्डही बदलले. बँकेचा, ई-मेलचा, शाळेचा, आणि ते कॉम्प्युटरवरून नव्हे, मोबाइलवरून. प्रोसेसर चोरायला जो आत आला त्यानं कपाटं उघडली नसतील असं कुणी सांगावं? केंद्र सरकारनं २०१७ साली सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र आहे, त्याच्या पानावर अशी यंत्रं साफ करायची साधनं मोफत मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. ज्यांच्याकडं अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात ठेवावं, मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे. दार जुनं, कडी सैल, असं ते झालं. आणि मराठी लिहिण्यासाठी बाहेरून काही आणायची मुळीच गरज नाही! विंडोजच्या 'लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी निवडलं की की-बोर्ड नि अक्षरं दोन्ही घरचीच मिळतात. हे मला आधी कळतं तर...

दुरुस्तीवाल्याच्या चाळीस हजारांतला एकही रुपया गेला नाही. दिवाळीला पडदे आले, सोफ्याची खोळ मात्र राहिली. ते असो.

की-बोर्ड मी त्या संध्याकाळी साड्यांखालून काढला आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. "चुकलं माझं," असं म्हणायला मला रात्रीची जेवणं होईपर्यंत वेळ लागला. तो म्हणाला, "असू दे गं." पण तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर काही उतरवायला लागले की साहेब आतल्या खोलीतून विचारतात, "आई, कुठून उतरवतेयस?" आणि मी पानाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवते.