लाकडावरचा समुद्र

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं ते सांगायला नकोच. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट आणि जीटी सुरू! सकाळी सर विचारतात, "ही लाइन इथे कशी आली?" आपण गप्प. कारण ती लाइन मुळात आपली नसतेच.

इंग्लंडच्या 'पंच' साप्ताहिकातली जुनी चित्रं बघताना मला ही जीटी आठवली. १८४१ साली तिकडे लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी 'पंच' निघालं. रेल्वेमुळे साधी कुटुंबंसुद्धा सुट्टीला समुद्रावर जाऊ लागली आणि 'पंच'चा चित्रकार जॉन लीच (१८१७-१८६४) त्यांच्या फजित्या काढू लागला.

त्याच्या चित्रांत 'बाथिंग मशीन' दिसतं. मेकॅनिकलवाल्यांनी हुरळून जाऊ नये, ती नुसती चाकांवरची लाकडी खोली! आत कपडे बदलायचे, घोडा खोली पाण्यात ओढून नेणार आणि दुसऱ्या दाराने थेट समुद्रात उतरायचं. १८५८ च्या एका चित्रात ओहोटीच्या वेळी बायका खडकांवर वाकून समुद्री जीव शोधताहेत. त्यांचे क्रिनोलिनचे घागरे इतके फुगलेत, की त्या स्वतःच मोठ्या शिंपल्यांसारख्या दिसतात.

आता ही चित्रं छापायची कशी? तेव्हा फोटो थेट छापता येत नसे. तांब्या-पोलादावर कोरलेलं चित्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येत नाही, कारण त्यात शाई खाचेत राहते आणि खिळ्यांवर ती वर असते. म्हणून बॉक्सवूड नावाचं कठीण लाकूड आडवं कापून, त्याचा ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा करत. लीच त्यावर पेन्सिलने उलटं चित्र काढायचा, म्हणजे कागदावर ते सुलटं येई. मग कोरणारा कारागीर रेषा ठेवून आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचा. झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी तुकडे जोडावे लागत. काही जुन्या छापांत सांध्याची पांढरी रेघही दिसते.

गंमत म्हणा किंवा वाईट म्हणा, कोरताना मूळ चित्र नष्ट व्हायचं. लाटेवरची पेन्सिलची पुसट छाया लाकडात येत नाही. तिथे किती रेघा ठेवायच्या हे कारागीरच ठरवायचा. म्हणजे आज आपण बघतो तो लीचचा समुद्र निम्मा त्या कारागिराचा आहे. चित्राखाली सही असते लीचची आणि कधी कोरणाऱ्या कारखान्याच्या मालकाची, स्वेनची. रात्र जागून हात चालवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

तेव्हा दोस्तहो, आपल्या जीटीत आणि त्यांच्या कामात एकच फरक. कुठली रेघ का आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सरांना उत्तर त्यांनी नक्की दिलं असतं!