मुलाखतीत कात्री चालावी, साक्ष तुटू नये

पनवेल : नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झाले. त्यासाठी उलवे टेकडी छाटण्यात आली आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांच्यासह दहा गावांची वस्ती उठली. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचा बळी गेला होता. त्या वेळी पंचविशीत असलेले साक्षीदार आज सत्तरीकडे झुकले आहेत. या पिढीच्या आठवणी माहितीपटात जतन करायच्या, तर मुलाखतीचे चित्रीकरण आणि संकलन या दोन्हींचे भान आवश्यक ठरते.

माहितीपटात प्रश्नकर्त्याचा आवाज बहुधा वगळला जातो. 'गाव कधी सोडले?' या प्रश्नाला केवळ वर्षाचा आकडा मिळाला, तर तो संकलनात एकटा उभा राहत नाही. त्याऐवजी 'गाव सोडले तो दिवस सांगा', असे विचारल्यास पूर्ण हकिगत हाती येते.

दृश्यापेक्षाही आवाजाची हेळसांड महागात पडते. पंखा बंद करून कॉलर माइक लावावा; मुलाखत संपल्यावर खोलीतील शांतताही अर्धा मिनीट ध्वनिमुद्रित करावी. वाक्यांमधील सांधे भरण्यास ती उपयोगी पडते. विमान जात असताना बोललेले वाक्य मध्येच कापता येत नाही, कारण मागचा आवाज एकाएकी तुटतो. अशा वेळी थोडे थांबून ती हकिगत पुन्हा सांगण्याची विनंती करणे श्रेयस्कर.

खरी कसोटी संकलनाच्या टेबलावर लागते. तासाभराच्या बोलण्यातून काही मिनिटेच निवडली जातात. दोन वाक्ये जोडताना चित्र उडी घेते. ती झाकण्यासाठी बोलणाऱ्याचे हात, जुने छायाचित्र किंवा सातबाराचा उतारा दाखविला जातो. ही पद्धत सर्वमान्य आहे. पण तिच्या आड अर्थही बदलता येतो. 'मोबदला मिळाला, पण जमीन गेली' या वाक्याचा उत्तरार्ध कापला, की तक्रारीची संमती होते.

आगरी बोलीच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे लागते. बोलणाऱ्याला प्रमाण भाषेत बोलायला लावू नये; गरज भासल्यास पडद्यावर तळओळी द्याव्यात.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून साकारला. प्रत्येकाला एवढा काळ देता येणार नाही. परंतु अंतिम प्रत तयार होण्यापूर्वी ती बोलणाऱ्याला दाखविण्यास एक संध्याकाळ पुरते.