जुन्या गाडीचा एसी : गॅस भरण्याआधी दुखणे ओळखा

मे महिना लागला की जबलपूरची दुपार तापलेल्या तव्यासारखी होते. पारा चाळिशी ओलांडतो. लू सुटली की गाडीची काच खाली करावी तरी पंचाईत, वर ठेवावी तरी पंचाईत. नेमक्या याच दिवसांत लग्नाचे मुहूर्त असतात, मुलांना सुट्ट्या लागतात आणि राइट टाउन, नेपियर टाउनमधल्या मराठी घरांत नागपूरला जाण्याचे बेत आखले जातात. लखनादौन, सिवनी, खवासामार्गे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास. गाडीत मागच्या सीटवर आजी-आजोबा आणि मांडीवर लहान मूल असते. अशा वेळी बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला तर काय करायचे?

बहुतेक जण गाडी गॅरेजमध्ये नेतात. मिस्त्री बॉनेट उघडतो, एक पाइप हाताने चाचपतो आणि सांगतो, ‘‘भाभीजी, गॅस निकल गई है, भरवा लीजिए.’’ गॅस भरला जातो. संध्याकाळी गाडी थंडगार होते आणि सगळे खूश होतात. पण तीन आठवड्यांनी पुन्हा तेच! पैसे गेले, गॅसही गेला आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले.

एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, असेच समजावे. ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

एसी चालतो कसा?

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेने त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. मग ड्रायर त्यातला ओलावा शोषून घेतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून हा द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे त्याची वाफ होते आणि कॉइल थंड पडते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. तीच थंड हवा आपल्या तोंडावर येते.

पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने आपल्या १९४० सालच्या मॉडेलमध्ये कारखान्यातच बसवलेला एसी दिला होता. त्यात क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे! आज हेच काम डॅशबोर्डवरचे बटण करते. बटण दाबले की विजेवर चालणारा क्लच कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडतो. दोष शोधताना या क्लचचा फार उपयोग होतो.

घरच्या घरी तपासणी

जबलपूरला गाड्या नवीन नाहीत. १९६९ साली सुरू झालेल्या इथल्या व्हेइकल फॅक्टरीत लष्करासाठी जोंगा तयार होत असे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. अनेक घरांत कुणी ना कुणी कारखान्यात काम केलेले असते. तरीही एसी म्हटले की सगळे मिस्त्रीच्या तोंडाकडे बघतात. खरे तर पुढच्या गोष्टी कुणालाही तपासता येतील.

हवाच कमी येते : थंडावा आहे, पण झोत मंद आहे, तर गॅसला दोष देऊ नका. ज्या गाड्यांत केबिन फिल्टर असतो, तो आधी काढून पाहा. धुळीने तो चटईसारखा झालेला असतो. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावरच चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. हा भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेत फारच स्वस्त असतो.

अर्ध्या तासाने झोत मंदावतो : कूलिंग कॉइलवर बर्फ जमला असावा. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालवा. झोत पूर्ववत झाला तर थर्मोस्टॅट किंवा कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर तपासून घ्या. गॅस थोडा कमी झाला तरी असा बर्फ धरू शकतो.

झोत जोरदार, पण हवा गरम : गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला एसीचे बटण दाबायला सांगा. बॉनेटखाली ‘टक्’ असा आवाज यायला हवा आणि कॉम्प्रेसरच्या चाकाच्या मधली चकती फिरू लागायला हवी. साडीचा पदर, ओढणी, सैल बाह्या आणि बोटे पट्ट्यापासून दूर ठेवा. चकती फिरतच नसेल तर फ्यूज, रिले, वायर यांची तपासणी आधी करा. गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. म्हणजे फ्यूज ठीक असूनही क्लच लागला नाही, तर गळतीचा संशय वाढतो.

चालताना थंड, सिग्नलला गरम : शहरातली ही नेहमीची तक्रार. गाडी पळताना कंडेन्सरला समोरून वारा मिळतो, उभी राहिली की तो फक्त पंख्याचा मिळतो. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का, ते पाहा. हा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात जवळ नेऊ नका. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे, पाचोळा इंजिन थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या नाजूक पात्या वाकतात आणि नुकसान होते.

पायाशी पाणी : गाडीखाली पाण्याचे थेंब पडणे चांगले लक्षण आहे, कारण कॉइलवरचा ओलावा बाहेर जातो आहे. तेच पाणी आत मॅटवर सांडत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. मात्र ते पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते हीटरमधून गळणारे कूलंट आहे. मग गाडी ताबडतोब दाखवा, नाहीतर इंजिन तापून मोठा खर्च उभा राहील.

कुबट वास : मुक्कामाला पोचण्याआधी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवा. कॉइल कोरडी होते आणि बुरशी धरत नाही.

याशिवाय एक सोपी परीक्षा आहे. आतली हवा आतच फिरवण्याचे बटण लावून दहा मिनिटे गाडी चालवा आणि मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरायला शेजारच्याला सांगा. भर उन्हातही तो १० ते १५ अंशांच्या दरम्यान असेल तर यंत्रणा बरी आहे. मग गार न वाटण्याचे कारण काचेतून येणारे ऊन किंवा दाराचे झिजलेले रबरही असू शकते.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

गॅसबरोबर यंत्रातले तेलही फिरत असते. त्यामुळे जिथे गळती असते तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. कंडेन्सर आणि पाइपांच्या जोडांवर असा थर दिसला तर तो मिस्त्रीला दाखवा. साबणाचा फेस लावून, नायट्रोजनचा दाब देऊन किंवा रंगद्रव्य सोडून गळती पक्की करता येते. नुसती ओ-रिंग खराब असेल तर काम थोडक्यात भागते. कूलिंग कॉइल गळत असेल तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी वाढते.

गॅस भरण्याआधी गेज लावून दोन्ही बाजूंचे दाब पाहिले का? यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर बदलला का? निदान अर्धा तास व्हॅक्यूम केले का? आत ओलावा राहिला तर तो व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि एसी कधी थंड, कधी गरम असा खेळ करतो. गॅस किती भरायचा ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. तो वजनावर भरायला सांगा. जास्त भरला म्हणजे जास्त थंड, हा निव्वळ गैरसमज आहे. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

नव्वदच्या दशकातल्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पूर्वीच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. असे गॅस ओझोनचा थर पोखरतात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पासून असे गॅस बंद झाले. त्यांच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वीचे तापमान वाढवतो, म्हणून तोही हवेत सोडून देणे बरे नाही. आर-१२ च्या जुन्या यंत्रणेत तो तसाच भरून चालत नाही. तेल, ड्रायर आणि ओ-रिंगा बदलाव्या लागतात. स्वस्तात काम होते म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणाला तर साफ नकार द्या. कूलिंग कॉइल थेट प्रवाशांसमोर असते. तिथे ज्वलनशील गॅस गळला तर एक ठिणगी पुरेशी आहे.

घरी एसीचे पाइप सैल करून पाहण्याचा उद्योगही करू नका. सुटलेला गॅस कातडीला आणि डोळ्यांना गोठवून इजा करतो.

जिवाशी खेळ नको

एसी बिघडलेला असेल आणि निघणे भागच असेल तर पहाटे चारला निघा, ऊन तापण्याआधी नागपूर जवळ येते. पाणी, ओआरएसच्या पुड्या आणि ओले पंचे जवळ ठेवा. म्हातारी माणसे तहान लागली तरी सांगत नाहीत, त्यांना दर अर्ध्या तासाने पाणी द्या. कुणी असंबद्ध बोलू लागले किंवा अंग फार तापले तर सावलीत उतरवा, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच जवळचे रुग्णालय गाठा. उष्माघातात उशीर परवडत नाही.

एसी उत्तम असला तरी दोन गोष्टी कधीही करू नका. बंद गाडीत मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ सोडून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा कोंडलेल्या जागी इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाचा जीव घेतो.

खर्च करावा की नाही?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. ती वेळ जवळ आली असेल आणि मिस्त्री कॉम्प्रेसर बदलायला सांगत असेल तर आधी गाडीचे इंजिन, पत्रा आणि ब्रेक यांचा विचार करा. तेच थकले असतील तर एसीवर मोठी रक्कम घालण्यात अर्थ नाही. पण गाडी धडधाकट असेल आणि घरात वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर हा खर्च चैनीचा समजू नका. आणखी एका गॅरेजमध्ये दाखवा, दोष लेखी मागा, बदललेला जुना भाग परत घ्या आणि काम मार्चमध्येच उरकून घ्या. तेव्हा मिस्त्रीला गळती नीट शोधायला सवड असते. मे महिन्यात त्याच्या दारात रांग लागलेली असते आणि मग सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळते, ‘गॅस भरवा लीजिए!’