दोन कंसांची करामत

वाण्याच्या हाती सामानाची लांब यादी दिली, की तो आधी तिच्यावरून वरवर नजर फिरवतो आणि मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचत एकेक जिन्नस काढतो. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट इंजिन फंक्शनच्या बाबतीत हेच करतं. पानासोबत आलेली कितीतरी फंक्शनं कधी चालतच नाहीत. म्हणून इंजिन ती आधी व्याकरण तपासण्यापुरती चाळतं; फंक्शन खरोखर बोलावलं गेलं, की नीट वाचून कंपाइल करतं. यात एकंदर बचतच होते. मात्र जे फंक्शन लगेच चालणार आहे, ते विनाकारण दोनदा वाचलं जातं.

प्रोग्रामर नोलन लॉसन यांचं २०१६ मधलं ‘ऑप्टिमाइझ-जेएस’ हे अवजार या दुहेरी वाचनावरच नेम धरून केलेलं. तिथल्या तिथे चालवायचं फंक्शन कंसात लिहायची प्रोग्रामरांची जुनी रीत. त्यामुळे फंक्शनच्या आधी उघडता कंस दिसला, की क्रोमचं व्ही-८ इंजिन ओळखायचं: हे आत्ताच लागणार, एकदाच नीट वाचून टाकू. पण कोड आवळणारं ‘अग्लिफाय’ एक अक्षर वाचवण्यासाठी तो कंस काढून जागी उद्गारचिन्ह ठेवायचं आणि खूण पुसली जायची. ऑप्टिमाइझ-जेएस ती परत उमटवायचं. दुसऱ्या फंक्शनला थेट सोपवलेल्या फंक्शनांनाही ते कंस घालायचं, कारण तीही बहुधा लगेच चालतात. कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या वेबपॅकसाठी त्याचं प्लगइनही आलं. फक्त क्रम सांभाळायचा: आधी कोड आवळणं, मग कंस.

लॉसन यांच्या चाचण्यांत क्रोम ५५ वर सुमारे २० टक्के वेळ वाचला, फायरफॉक्स ५० वर ८ टक्के. सफारी १० वर मात्र किंचित तोटाच झाला. म्हणजे ही युक्ती त्या त्या इंजिनाच्या अंदाजावर उभी होती. अंदाज चुकला तर उलटा भुर्दंड: कधीच न चालणारं फंक्शनही पूर्ण कंपाइल होणार, वेळ आणि मेमरी दोन्ही जाणार.

पुढे इंजिनच शहाणं झालं. क्रोम ५७ पासून व्ही-८ अग्लिफायचं उद्गारचिन्हही ओळखू लागलं. लॉसन यांनी अवजाराची देखभाल थांबवली. मूळ अडचण मात्र संपली नव्हती. २०२५ मध्ये क्रोम १३६ ने फाइलच्या माथ्यावर एक ठरावीक कॉमेंट लिहायची सोय दिली: यातली सगळी फंक्शनं सुरुवातीलाच लागणार आहेत. व्ही-८ च्या प्रयोगात २० लोकप्रिय संकेतस्थळांपैकी १७ ठिकाणी फायदा दिसला. वाचन आणि कंपाइल यांचा वेळ सरासरी ६३० मिलिसेकंदांनी घटला. कंसातून सुचवायची गोष्ट आता उघड सांगता येते. तरीही ही कॉमेंट सरसकट सगळ्या फाइलींना लावू नये, असा इशारा व्ही-८ चे कर्तेच देतात.

तुमच्या जुन्या वेबपॅक मांडणीत ऑप्टिमाइझ-जेएसचं प्लगइन अजून असेल, तर ते काढून एकदा आजच्या ब्राउझरवर वेळ मोजा. ठेवायचं की नाही, ते त्या आकड्यावरूनच ठरवा.